‘आत्या’ या शब्दाच्या चार चुका

लिंबायत, सुरत
रविवार, ८ डिसेंबर

प्रिय अक्का,

आज नळाला लवकर पाणी आलं. ते भरून झालं, तुमचे भाऊ पांडेसऱ्याला मिलमध्ये ड्युटीवर गेले आणि मी भाजी चिरायला बसले. दहाच्या सुमारास पुढच्या खोलीतून कल्याणीचा आवाज आला. ती तुमच्या फोटोला पुस्तक वाचून दाखवत होती. म्हणून हे पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही. तुमच्याशी मोकळं बोलायची तरी कुठे होती?

मी आत गेले तसं तिने पुस्तक मिटलं.

“काय वाचत होतीस?”

“काही नाही, मम्मी.”

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, अक्का. तरी ती तुम्हालाच वाचून दाखवते! मी आई आहे, तिच्या वर्गाची बाई आहे, भिंतीच्या पलीकडेच बसलेली आहे. मला का नाही?

तुमचा मला फार हेवा वाटायचा. लग्न होऊन मी जालन्याहून आले तेव्हापासून. तुम्ही आणि तुमचे भाऊ अहिराणीत बोलायचात, हसायचात, आणि मला हसण्याचं कारण नंतर कळायचं. मग कल्याणी झाली, तीही तुमच्याच बाजूला गेली. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे आणि ती तुमच्याकडे. तुम्ही साड्यांना टिकल्या चिकटवत बसायचात आणि ती मांडीला मांडी लावून वाचायची. एखादं वाक्य अडलं की तुम्ही अक्षर सांगायचा नाहीत. नुसतं म्हणायचात, “मंग? पुढे काय झालं?” आणि ती पुढे जायची. तुम्ही चौथी शिकलेल्या! मी बी.ए., डी.एड. मला त्याचा राग यायचा.

जुलैमधली ती वाचन-तपासणी तुम्हाला आठवत असेल. आमच्या वाचनपेटीतल्या पुस्तकांना रंगीत पट्ट्या असतात. लाल म्हणजे साधे शब्द, पिवळी म्हणजे छोटी वाक्यं, हिरवी म्हणजे जोडाक्षरं. एका पानावर तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की मूल खालच्या पट्टीवर जातं. दुसरीचा वर्ग माझा, त्यामुळे कल्याणीची तपासणीही मीच घेतली. हिरवं पुस्तक होतं. ‘आत्या आली. आत्याने खाऊ आणला.’ एवढं सोपं पान.

तिने बोट ठेवून वाचलं, “फुई उनी. फुई खाऊ लई उनी.”

त्या पानावर ‘आत्या’ हा शब्द चारदा होता. चारही वेळा तिने, घरी तुम्हाला म्हणायची तसं, फुई म्हटलं. ‘आली’चं ‘उनी’ मी सोडून दिलं, पण फुईच्या चार चुका मांडल्या आणि शेरा लिहिला, ‘चित्र बघून बोलते. जोडाक्षरे येत नाहीत.’ पिवळीवरसुद्धा नाही, थेट लाल पट्टीवर बसवली.

घरी तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही टिकल्यांची डबी खाली ठेवलीत. “मास्तरीणबाई, आत्या कोन शे वं? या घरमा ते फुई शे! पोर वाची र्‍हायनी ना, तुले ऐकू नही उनं का?”

मी म्हणाले, “अक्का, नियम असतो.”

नियम होताच. पण खरं आज सांगते. तिला वाचता येत होतं हे मला तिथेच कळलं होतं. ज्याला कळत नाही ते मूल आ, त्, या असं फोडत बसतं. हिने शब्द वाचला, समजून घेतला आणि आपल्या घरातलं माणूस त्या जागी ठेवलं. याच्या वरची कुठली पट्टी असते? पण पुस्तकातसुद्धा तिला तुम्हीच दिसलात, आणि माझी पेन्सिल चालली. चुका मी शब्दाच्या नाही, तुमच्या मांडल्या.

तेव्हापासून ती माझ्यासमोर ‘नळ बघ, कमळ बघ’ एका सुरात म्हणते आणि पुस्तक बंद करते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “सुरेखा, ती लाल पट्टी काढ आता.” मी हो म्हणाले नाही. तुमची उशी नीट करायला लागले. तुम्ही हट्ट का नाही धरलात? एरवी भाजीत मीठ किती यावर धरायचात!

आज दाराआडून ऐकलं ते हिरवंच पुस्तक होतं. तुमच्या ट्रंकेजवळ तिने लपवून ठेवलं होतं म्हणे, हे मी मागाहून विचारलं तेव्हा कळलं. अडखळत नव्हती. जिथे तिला वाटेल तिथे तुमची भाषा, जिथे वाटेल तिथे माझी. माझीही होती, अक्का! तेवढं ऐकून मी दाराआडच उभं राहायला हवं होतं. आत गेले.

उद्या शाळेत तो शेरा खोडून खाली लिहीन की तपासणाऱ्याची चूक. वर्गातल्या बाकीच्यांचीही पानं काढीन, कुणाकुणाची फुई मी चुकीत धरली ते बघायला. आणि कल्याणीला वाच म्हणून सांगणार नाही. ती वाचेल तेव्हा हातात पेन्सिल न घेता बसेन, कितीही महिने लागोत. हेवा गेलेला नाही. तो फक्त तिच्या शेऱ्यात उतरू देणार नाही, हा शब्द देते.

ती आता शेजारी खेळायला गेली आहे. तिचा शाळेचा गणवेश भिजत घातलाय. तो धुऊन वाळत घालते.

तुमची,
सुरेखा