आंब्याच्या जागी कोय

सोमवार, श्रावण, १९५८

मरण्याआधी आमचे मालक बजावून गेले होते, बांधावरच्या आंब्याला हात लावू नका. पण गेले भर पावसात. गावात सरणाला सुकं लाकूड नव्हतंच. आंबा तोडा म्हणून मीच सांगितलं. दुसरं काय करणार होते? ओलं लाकूड पेटेना, दिवसभर नुसता धूर. तो धूर अजून नाकातून जात नाही.

आज बुंधा खणून काढला, तिथंच कोय लावली. दीर बघत उभा.

"भाभी, या उमरमा आंबा लाईसन खाई कोन?"

"खावाले नही रे. माले जाळाले व्हई."



चितेपुरतं लाकूड व्हायला वीस वर्षं तरी लागतील. तेवढं जगावं लागेल, हे बोलून गेल्यावर कळलं.