बिननावाची टकटक

प्रिय एस्नार्टताई,

टपालाने डोंगरावरच्या तुझ्या गावी पत्र पोचायला आठवडा लागतो, आणि माझ्याकडे आठवडा नाही. म्हणून हे मिनिबसवाल्या लॅकसनच्या हाती देते आहे. ‘फोडून वाचू नकोस’ असं त्याला बजावलं, तर म्हणतो, “तुम्हा विमानवाल्यांचं बोलणं ऐकूनही कळत नाही, वाचून काय डोंबल कळणार?” पाकीट फाटलेलं दिसलं तर समज, त्याला कळतं.

तू गेल्याला तीन आठवडे झाले. विमानतळाच्या टॉवरमध्ये तुझ्या खुर्चीवर राजधानीहून म्हांगो नावाचे गृहस्थ आले आहेत. माणूस चांगला आहे, पण परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. परवा तळ्यावरून म्वेरा वारा सुटला, तो आपल्याकडे जेवायच्या वेळेला कसा वळतो हे त्यांना कुठून माहीत असणार? मी तिरकी तिरकी उतरले आणि मनात म्हटलं, ताई असती तर दहा मिनिटं आधीच म्हणाली असती, “वोंगानी, आज पदर खोचून ये गं.” फाटकावर मंडासी तळणारी न्यागोंड्वे रोज तुझ्या वाटणीचे दोन गोड गोळे फडक्याखाली झाकून ठेवते. दुपार झाली की मला हाक मारते आणि म्हणते, “आजही नाही आली ना? घे, तूच गीळ.” मी घेते, पण घास उतरत नाही. का उतरत नाही, तेच या पत्रात सांगायचं आहे. जरा वेळ लागेल, चिडू नकोस.

आधी तुझं थोडं कौतुक करू दे. तोंडावर केलं की तू “काम कर, काम” म्हणून हाकलतेस, आज कागदावर तुला ऐकावंच लागेल. मी नवी आले तेव्हा मला वाटायचं, विमान मी चालवते, टॉवरमधली बाई नुसती बोलते. मग तू मला वर बोलावलंस, न्सिमाचा गोळा आणि तळलेली उसिपा मासळी वाढलीस आणि म्हणालीस, “जेवता जेवता खाली बघ. तुझं विमान इथून झुरळाएवढं दिसतं. झुरळाने अंगात आणू नये.” तेव्हा राग आला होता. पुढे कळलं, महिन्यातून एकदा तू चपला हातात घेऊन अख्खी धावपट्टी अनवाणी चालतेस. कुठे तडा गेलाय, कुठे पाणी साठतं, कुठल्या वळणावर उन्हाने पायलटचे डोळे दिपतात, हे सगळं तुला तळपायातून माहीत. असं करणारं दुसरं माणूस मी आजवर पाहिलं नाही.

आणि ते गवतकापे! मी तेव्हा विमान घेऊन मागे रांगेत होते, रेडिओवरचं सगळं कानांनी ऐकलंय. मंत्रिसाहेबांचं विमान निघायला तयार, बँड वाजून झालेला, आणि तू त्याला सोडेनास. मुकादम रेडिओवर सांगतोय, “बाई, आम्ही सगळे बाहेर आलो.” तू म्हणालीस, “पाच जण आत गेले होते. मी चार मोजले.” तो म्हणे, पाचवा मागून येईल. तू म्हणालीस, “मग मंत्रीही मागून जातील.” अकरा मिनिटं! साहेबांचा सेक्रेटरी म्हणे टॉवरच्या पायऱ्या चढून धापा टाकत आला, तर तू त्याच्याच हाती दुर्बीण दिलीस आणि म्हणालीस, “डोळे चांगले दिसताहेत तुमचे, शोधायला लागा.” आणि त्यानेच शोधला. पाचवा गडी पट्टीच्या कडेला, गवताच्या भाऱ्याला टेकून गाढ झोपलेला. त्या दिवसापासून आम्ही सगळे पायलट तुझा शब्द मानतो. भीतीने नाही ताई. वर बसलेलं कुणीतरी आपल्यालाही असं मोजतंय, याचा केवढा आधार वाटतो म्हणून.

कामाच्या बाबतीत तू कुणाचे लाड केले नाहीस. “मी सांगितलेलं मला परत सांग, आणि आधी स्वतःचं नाव सांग,” हा तुझा पाढा. कुणी नुसतं ‘बरं’ म्हटलं तरी तू त्याला सोलायचीस. “बरं म्हणजे काय? काय ऐकलंस ते ऐकव. तोंडात मंडासी कोंबलीय का?” आम्ही हसायचो, पण सांगायचो. माणसाला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो, असं तू म्हणायचीस, आणि परत म्हणून दाखवलं की त्याची चूक त्याच्याच तोंडून बाहेर पडते. अख्ख्या विमानतळावर तू एकाच माणसाला यातून सूट दिलीस. मला.

आठवतं ना कशी दिलीस? माझे वडील गेले आणि पाचव्या दिवशी मी कामावर आले. घरी बसले तर वेड लागेल असं वाटत होतं. विमान सुरू केलं, माझ्या विमानाचं नाव घेत तुझा आवाज कानात आला, “किलो-लिमा, सुप्रभात,” आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. बटण दाबलं, पण शब्दच फुटेना. मग हळूच म्हणालीस, “बोलू नकोस पोरी. ऐकलंस की बटण दोनदा दाब, मला कळेल.” मी दाबलं. टक, टक. त्या दिवशीच्या तिन्ही फेऱ्या मी अशा केल्या, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि तू प्रत्येक सूचना दोनदा, सावकाश, लहान मुलाला भरवावं तशी सांगत होतीस. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. आईचा आवाज कसा असतो, ते मला त्या दिवशी समजलं.

दुःख ओसरलं, टकटक मात्र राहिली. त्यात तुझी चूक काय? तू दोन महिन्यांनी म्हणालीही होतीस, “आता बोल की गं बाई, जीभ परत आली ना?” मी हसून पुन्हा टक टक केलं आणि तूही हसलीस. जित्याची खोड! मग ते आपल्या दोघींचं गुपित असल्यासारखं मी मिरवायला लागले. तो झांबियाकडचा मुलेंगा, माझ्याच कंपनीतला पायलट, त्याने माझ्याकडूनच उचललं. त्याला मी शिकवलं, ताई. “कशाला एवढं बोलतोस, दोन टिचक्या मार,” हे माझे शब्द. हे तुला माहीत नव्हतं. चौकशी समितीलाही मी सांगितलं नाही.

आता तो शनिवार. तुला सगळं पाठ आहे, तरी माझ्या बाजूने ऐक. तू मला पट्टीवर शिरून टोकाला जायची परवानगी दिलीस, मी टक टक केलं. निघणार इतक्यात मागच्या बाकावरच्या आजोबांनी पट्टा सोडला. त्यांची कोंबडी टोपलीतून निसटून सीटखाली गेली होती. मी ब्रेक लावला आणि मागे वळले. हेडफोनची वायर तोकडी, म्हणून तो काढून शेजारच्या सीटवर ठेवला. काढून ठेवला, ताई. कोंबडी टोपलीत गेली, आजोबांचा पट्टा लागला, त्यांनी मला चार आशीर्वाद दिले. तेवढ्यात दोन-तीन मिनिटं गेली असतील. त्याच वेळात राजधानीचं मोठं विमान अपेक्षेपेक्षा लवकर आलं. तू मुलेंगाला तळ्यावरच घिरट्या घालायला सांगितलंस आणि लगेच मला सांगितलंस, परवानगी रद्द, पट्टीआधीच्या रेषेवरच थांब. तुझ्या कानात टकटक आली. ती मुलेंगाची होती, त्याच्या सूचनेला उशिरा दिलेली. तुला ती माझी वाटली. टकटकीला नाव कुठे असतं? मी हेडफोन चढवला, कानात शांतता, आणि जुन्या परवानगीवर रेषा ओलांडली.

पुढचं काय सांगू! दुसरं कुणी असतं तर उत्तर मिळालं म्हणून निवांत झालं असतं. तू उत्तर मिळूनही दुर्बीण उचललीस. मोठ्या विमानाला तू म्हणालीस, उतरू नका, वर जा, पट्टीवर विमान आहे. मला म्हणालीस, “किलो-लिमा, आहेस तिथेच थांब.” तुझा आवाज केसभरही चढला नाही. तू किंचाळली असतीस तर घाबरून मी काय करून बसले असते, देव जाणे. मी ब्रेकवर उभीच राहिले. डोक्यावरून ते धूड गर्जत गेलं, त्याची सावली आमच्यावरून सरकली. मागून आजोबा म्हणाले, “पोरी, ही सलामी माझ्यासाठी का गं?” त्या मोठ्या विमानात अठ्ठावन्न माणसं होती, माझ्याकडे नऊ. आणि ती कोंबडी.

तू मुलेंगाला आणि त्या मोठ्या विमानाला सुखरूप उतरवलंस, मला मागे वळवलंस, आणि मग स्वतःहून खुर्ची सोडलीस. कुणी विचारायच्या आत अहवाल तुझ्या अक्षरात तयार होता. ‘बिननावाचं उत्तर मी ग्राह्य धरलं.’ एवढंच. त्या उत्तराची सवय कुणाची, ती कशी पडली, यावर अक्षरही नाही. इकडे कंपनीत माझं कौतुक सुरू होतं. वेळेवर ब्रेक मारला, काय प्रसंगावधान! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

मग समिती. अध्यक्ष चिसालेंनी मला विचारलं, थांबायची सूचना ऐकू का आली नाही? मी म्हटलं, “रेडिओ फार खरखरत होता, साहेब.” ताई, रेडिओ आरशासारखा स्वच्छ होता. माझ्या डोळ्यांसमोर माझा परवाना दिसत होता, लहान भावाची कॉलेजची दोन वर्षं दिसत होती, आणि तोंडातून ते निघून गेलं. तू समोरच बसली होतीस. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. तू आवाजावरून माणूस दमलाय की भुकेला ते ओळखतेस, खोटं ओळखणार नाहीस होय? मला वाटलं, आता उठेल आणि म्हणेल, ही पोर खोटं बोलते. तू उठलीस आणि म्हणालीस, “रेडिओ कसाही असो, साहेब. नावाशिवाय मी उत्तर घ्यायला नको होतं. दोष माझा.” मी मान खाली घातली आणि गप्प राहिले. बावीस वर्षांत एकही डाग नसलेली बाई माझ्यासमोर जिना उतरून गेली. तुझा परवाना कायमचा काढायचा की नाही, ते सोमवारी ठरणार हे तुला कळलंच असेल.

आज सकाळी मी चिसालेसाहेबांकडे गेले. हेडफोन, कोंबडी, मुलेंगाला मी शिकवलेली टकटक, वडील गेल्यानंतरचा तो दिवस, सगळं लिहून सही करून दिलं. मुलेंगाही आला होता, त्यानेही लिहून दिलं की ती टकटक त्याची. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “याने काय होईल कळतंय ना?” कळतंय. सोमवारी दहा वाजता ते मला पहिली उभी करणार आहेत, आणि तुलाही बोलावणं येईल. हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही, माफी मी समोर येऊन मागेन. हे लिहिलंय ते मी तुला पुरती ओळखते म्हणून. माझं तोंड उतरलेलं दिसलं की तू पुन्हा उभी राहशील आणि सगळं आपल्या अंगावर ओढून घेशील. तसं करू नकोस. सोमवारी चिसालेसाहेब माझं नाव घेतील तेव्हा तू फक्त खुर्चीवर बसून राहा, आणि मी बोलत असताना मध्ये एक शब्दही बोलू नकोस.

तुझीच,
वोंगानी