रिकामी बस

इंजिनीयरबाई,

गाडीची किल्ली खिळ्यावर आहे. बापाने ती एकदा खिशात घातली होती, पण पुन्हा टांगली.

काल जेवताना तू म्हणालीस, "बाबा, तुमची रिकामी बस माझ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त डिझेल पिते." त्यावर बाप ताट उचलून आत गेला. रागाने नव्हे. बरं, रागानेच. पण भांडी घासताना पटलं, की पोरगी खरं बोलते. चार टाळक्यांसाठी एवढं धूड हाकणं परवडत नाही. म्हणून तर आज डेपोचे साहेब सकाळच्या फेरीला बसमध्ये बसणार आहेत. फेरी ठेवायची की बंद करायची, ते ठरवतील.

मात्र आज ती बस जाणारच आहे. तू चढलीस म्हणून ती काही घोटभर जास्त पिणार नाही. तुझी गाडी तू काढलीस तरच पिते. एवढं गणित ड्रायव्हरलाही येतं.

आणि बस रिकामी नसते गं. तिच्यात रोज मी असतो.

कोपऱ्यावरच्या थांब्यावर ये. साहेब बसलेले असले तरी जरा थांबेन. तोवर इंजिन बंद ठेवतो.