सोडलेला इंच

५ फेब्रुवारी, गुरुवार
विहाराचं काम आलं. दोन दारं, चार खिडक्या. इंगोले काका स्वतः दुकानात आले, म्हणे जयंतीच्या आत बसवून पाह्यजे. हे म्हणले, होते. दीर सुधाकर रंद्यावर होता, तोही म्हणला, होते. दोघंही काकाकडं पाहून बोलले. एकमेकायकडं नाही.
दिवाळीपासून असंच आहे. एका छपराखाली लाकूड कापतात अन् तोंडातून शब्द नाही. कारण काय, तर सुधाकरची पोलादी टेप. गिऱ्हाइकासमोर म्हणला, दादाचं लाकूड आता चुलीत घाला. लाकूड म्हणजे सासऱ्याची मापाची घडीची पट्टी. ह्यायनं टेप उचलली अन् भुशात फेकली. तवापासून.

८ फेब्रुवारी, रविवार
ह्यायच्यासंग विहारात गेली माप घ्यायले. चौकटी अगोदरच बसल्या आहेत. पट्टी उघडली, कट कट कट. बिजागऱ्या अजून घट्ट आहेत. चौकटीवर आडवी ठेवली तर ताठ राह्यते, लोंबत नाही. पहिलं टोक मात्र झिजून गोल झालं, म्हणून एकाच्या रेघेपासून माप धरायचं. दुसरं टोक मी दाबून धरलं.
आकडे खडूनं फळीवर लिवले. फळी दुकानात खुंटीले लावली.
सुधाकर मले विचारते, "वयनी, दाराचा आकडा हाच ना? तेहतीस?"
सख्खा भाऊ तीन हातावर बसला होता.
"मले काय विचारतं? तुले तोंड नाही का?"
गेला मशीनकडं.

११ फेब्रु. बुधवार
मांगच्या अंगणात विटा येऊन पडल्या. सु. नं आणल्या.
"विटा कायले रे?"
"अशाच."
अशाच कोणी विटा आणते का? जाऊबाई निर्मला दारात उभी होती, हसली अन् आत गेली. दुकानाच्या मधात भिंत घालायचा बेत दिसते. ह्यायले सांगतलं. म्हणे घालू दे. रात्री जेवले नाहीत धड. हे छप्पर सासऱ्यानं दोघायसाठी उभं केलं. अर्ध्यात रंदा, अर्ध्यात मशीन, कोण्या गिऱ्हाइकानं कोण्या दारातून यावं?

१७ फेब्रु. मंगळवार
दारं बसवायले गेलो. दोन्ही दारं अरुंद. बाजूनं इंचभर फट, चार बोटं आत घातली तर जाऊन राह्यली. मी हातानं घासलेली दारं!
इंगोले काका म्हणले, "बाई, विहाराले हवा पाह्यजे, पण इतकी नाही."
बाकी लोक हसले. हे लाल झाले. सुधाकरनं मान खाली घातली. मले तर वाटलं तोही हसला.

१८ फेब्रु.
माप ह्यायचं, कापणं त्याचं. मंग इंच कोणं खाल्ला? टेपच खोटी असंल. दुपारी सु. जेवायले गेला तशी टेप काढली. पट्टी अन् टेप आजूबाजूले ठेवून पाह्यली. एकाच्या रेघेले रेघ लावली, शेवटपर्यंत तंतोतंत. टेपीत खोट नाही.
मंग फळी पाह्यली. तेहतीस. विहारात जाऊन दार मोजलं. बत्तीस.
म्हणजे सुधाकरनं मुद्दाम. भिंत घालायले कारण पाह्यजे होतं. दादाचं माप चुकते असं गावात झालं का मंग वेगळं निघायले मोकळा.

१९ फेब्रु.
सकाळीच धरलं त्याले. "तेहतीस लिवलं तं बत्तीस काहून कापलं?"
"वयनी, दादाच्या आकड्यातून एक सोडायचा असते. बाबाच्या वक्तापासून. पट्टी एकापासून धरते ना तो."
खरं आहे. मी लग्न होऊन आली तवापासून हेच ऐकलं. हे पट्टीवरचा आकडा जसाचा तसा ओरडायचे, "चौतीस!" तिकडून सुधाकर, "सोडला! तेहतीस!" मंगच करवत चालायची. सैपाकघरात ऐकू यायचं.
ह्यायले विचारलं.
"मीच सोडून लिवला. बोलणं नाही तं सोडला म्हणून सांगणार कोण?"
"मंग फळीवर लिवायचं ना, सोडून लिवला म्हणून!"
"त्याले विचारता येत नोतं?"
घ्या. एकानं सोडला, दुसऱ्यानंही सोडला.

२० फेब्रु.
झोप नाही आली. सुधाकर म्हणते चुकून झालं. पण चौकटी त्यानं येता जाता पाह्यल्या. लाकडाकडं नुसतं पाहून जाडी सांगणारा माणूस. त्याले दार अरुंद दिसलं नाही? अन् ह्यायचंही मले पटत नाही. दार कापलं तवा हे तिथंच बसून होते. काहून नाही बोलले? चुकू द्या असं तर नोतं?
दोघायचाही भरोसा नाही.

२४ फेब्रु. मंगळवार
दारायले बाजूनं पट्ट्या जोडल्या. सागाच्याच, पण जोड दिसतो. काका बराच वेळ हात फिरवत राह्यले. म्हणे, "खिडक्या अशा झाल्या तं मी कारंज्याहून करून आणीन. मले लोकायले तोंड दाखवायचं आहे."
घरी येऊन हे म्हणले, खिडक्या चुकल्या का भिंत मीच घालतो, विटा आहेतच. सुधाकर ओसरीत होता. ऐकलं त्यानं. ऐकू जावं असंच बोलले हे.

२८ फेब्रु.
खिडक्यायचं माप घेतलं. परत मीच टोक धरलं. "या बारीनं सांगान ना त्याले?" पट्टीची घडी केली अन् खिशात टाकली. फळीवर आकडे. बाकी कोरं.

१ मार्च, रविवार
सकाळी झाडायले गेली तं फळीवर आकड्याच्या खाली दुसरं अक्षर. तिरपं, सुधाकरचं.
सोडून का?
एवढंच. दिवाळीपासूनचा पहिला शब्द.
निर्मला मांगून आली. "ताई, पाह्यलं का?"
"पाह्यलं."
"विचारलं त्यायनं."
"विचारलं का टोमणा मारला?"
"तुमाले सगळ्यायत वाकडंच दिसते बाई!"
दिसते. विटा अजून तिथंच पडल्या आहेत ना.
हे आले. फळी वाचली. पट्टी उघडली, घडी केली, परत उघडली. खडू उचलला. मले वाटलं आता लिवतात. खिशात टाकला अन् चहा मागतला. तिकडं सुधाकर करवतीचे दात घासून राह्यला, घासलेलेच परत.

३ मार्च, मंगळवार
फळी तशीच. कोणं पुसली नाही, कोणं लिवलंही नाही. लाकूड उद्या कापायचं आहे.
मी ह्यायले म्हटलं, शर्ट द्या, धुवायचा आहे, खडूनं खिसा पांढरा झाला. देऊन नाही राह्यले.