दोन सूत अलीकडचा पडदा

जळगाव, ता. ३ मार्च १९३६

प्रिय लोटन,

विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा पाच काट्यांचा गळ, केळीचे घड तोलायचा काटा, आमच्या सुंदरबाईचा शेवेचा सोऱ्या, असोद्याच्या शाळेची घंटा, म्हशीच्या शिंगाचा एक दात (माझाच, वरचा, डावीकडचा, तीन दिवस टिकला, पण दोष दाताचा नव्हता, हिरडीचा होता) आणि तीन तारांचं खोकं. एवढ्या वस्तू मी या दोन हातांनी केल्या, आणि त्यातली एकही मला कुणी शिकवली नव्हती. हे तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण दोन वर्षं आपण बोललेलो नाही आणि दोन वर्षांत माणूस काय काय विसरेल याचा भरवसा नाही. आज मला त्या खोक्याबद्दलच लिहायचं आहे. भांडण उकरून काढायला नव्हे. भांडणात मी बरोबर होतो, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला आहे.

तुला तो भुसावळचा रेल्वेतला गोरा गार्ड आठवत असेल. चिरुटाच्या रिकाम्या खोक्याला दांडी ठोकून, तीन तारा ताणून त्याने गिटार केली होती, आणि बाटलीचा फुटका गळा तारेवरून घसरवत तो ती वाजवायचा. तू म्हणालास, हे वाद्य नाही, शेपटीवर पाय पडलेलं मांजर आहे. मी मात्र आपल्या कापसाच्या जिनात परत येताच मॅनेजरसाहेबांच्या शिपायाकडून एक खोकं मिळवलं. दांडी मोडक्या बाजेची, जुनं सागवान, कधी वाकणार नाही असं. आणि ठरवलं की आपल्या गिटारीला पडदे बसवायचे, सतारीसारखे बांधलेले नव्हेत, लाकडात रुतवलेले. हत्यारं काय, तर करवतीच्या मोडक्या पात्याचा वीतभर तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळून, एक झिजलेली कानस, पक्कड, आणि लाख. पडदे तुझ्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तारांचे. तुला सांगून घेतल्या होत्या, फक्त आधी घेतल्या आणि मग सांगितलं. बारा तुकडे, खालून दोन्ही बाजूंनी घासून चपटे केलेले, म्हणजे खाचेत घट्ट बसावेत. खाच पात्याच्या जाडीपेक्षा केसभरही रुंद होऊ दिली नाही. मग तीन-तीन पडद्यांवर लोखंडी पट्टी उभी धरून पाहायची. पट्टी डुलली की मधला उंच, तो घासायचा. दोन दिवस मी फक्त घासत होतो, आणि तू शेजारी बसून शेंगा खात होतास.

चूक झाली ती त्याआधी, जागा ठरवताना. गार्डाने मला हिशोब सांगितला होता: तारेच्या लांबीचे अठरा भाग करायचे, एक भाग सोडून पहिला पडदा; उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा, तिथे दुसरा; असं पुढे. मी हसलो. स्वर काय त्रैराशिकाने लागतो? आपल्याकडे तुझी पेटी होती, तुझ्या वडिलांच्या वेळची, आणि माझे कान होते. तीन रविवार आपण तुझ्या ओट्यावर बसलो. तू पट्टी दाबून भाता हलवायचास, मी तारेखाली आगकाडी सरकवायचो, दोन्ही आवाज एक झाले की तू मान डोलवायचास आणि मी पेन्सिलीने खूण करायचो. चौथी खूण, म्हणजे गंधाराची, मला तेव्हाच खटकली होती. तिसऱ्या आणि तिच्यात जागा कमी, तिच्यात आणि पाचवीत जास्त. पण तू डोळे मिटून मान डोलवत होतास. मी म्हटलं, डोळा चुकत असेल, लोटनची मान चुकणार नाही.

पुढचं वर्ष सोन्यासारखं गेलं, हे मी कबूल करतो. असोद्याच्या भजनात तुझी पेटी आणि माझं खोकं लागलं की म्हातारी माणसं टाळ वाजवायची थांबून ऐकायची. भजनातल्या ताईबाईने तर विचारलं होतं की एकाच वाद्यातून दोन आवाज कसे काढता. आणि मग पिंप्राळ्याची ती एकादशीची दुपार. तू तापाने पडलेला, म्हणून मी चुडामणआप्पांच्या नव्या पेटीबरोबर बसलो. पहिल्याच अभंगात गंधारावर बोट ठेवलं आणि मृदंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा ठेवलं तेव्हा आप्पांनी. तिसऱ्यांदा एक बाई उठून दाराबाहेर पाहून आली, कुठे मांजर अडकलं आहे का म्हणून. मी तिथेच, सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की माझं खोकं निर्दोष आहे, लोटनची पेटी खोटी आहे. ते तुझ्या कानावर माझ्याआधी पोहोचलं. मी घरी आलो तेव्हा तू ताप अंगात घेऊन दारात उभा होतास. एकच वाक्य बोललास: "मन्हा बापनी पेटी शे ती, ती खोटं बोलत नही." आणि गेलास. महिन्याभरात जिनातली तोलाऱ्याची नोकरी सोडून मुलाकडे धुळ्याला गेलास, पेटी बैलगाडीत मांडीवर घेऊन. मी फाटकाआड उभा होतो. तू पाहिलं नाहीस, किंवा पाहिलंस.

तू गेल्यावर मी अठराचा हिशोब मांडला, पाटीवर, तीन वेळा. तार चोवीस इंच. अकरा पडदे जागच्या जागी. चौथा दोन सूत, म्हणजे पाव इंच, अलीकडे. म्हणजे तुझ्या पेटीचा गंधार उतरलेलाच होता आणि माझा कान त्याला इतका इमानी होता की मी तो उतार लाकडात कोरून ठेवला. पाटी सुंदरबाईला दाखवली. तिने पीठ मळता मळता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी जिंकले ना, मंग असं तोंड कायले पाडलं?" या बाईला यंत्रातलं काही कळत नाही.

पडदा हलवणं पाव तासाचं काम. लाख तापवायची, तार उपटायची, जुनी खाच भुसा-सरसाने बुजवायची, नवी पाडायची. पात्याचा तुकडा अजून आहे. दोन वर्षांत चार वेळा लाख तापवली. चारही वेळा सुंदरबाईच्या बांगड्यांचे खडे बसवून टाकले. आता तिच्याकडे न बसवलेला खडा उरलेला नाही.

परवा जिनातला धनसिंग धुळ्याहून आला. म्हणाला, लोटनभाऊंनी पेटी दुरुस्त करायची ठरवली आहे, होळी झाली की कारागीर घरी येणार, एक पट्टी उतरली आहे म्हणतात. म्हणजे तू मान्य केलंस. दोन वर्षं मी याचीच वाट पाहिली, आणि ते ऐकून मला भाकरी गोड लागली नाही. लोटन, कारागिराला परत पाठव. त्याचे येण्याजाण्याचे पैसे मी देतो. त्या पट्टीला कानस लावू देऊ नकोस. ती सरळ झाली तर या जगात माझ्या खोक्याबरोबर लागेल असं एकही वाद्य उरणार नाही, आणि मी दुसऱ्या कुणाबरोबर बसायला शिकलेलो नाही. पिंप्राळ्याला जे बोललो ते बरोबर होतं, पण बोलायचं नव्हतं. रामनवमीला असोद्यात भजन आहे. पेटी घेऊन ये. तुझी जागा कुणी घेतलेली नाही, मी कुणाला बसू देत नाही. आणि हे मी एकटेपणाने हळवा होऊन लिहितो आहे असं समजू नकोस, पुरावा देतो. तो गार्ड आता नोकरी संपवून बंगलोरला चालला आहे. गेल्या रविवारी मुद्दाम घरी आला, खोकं तासभर वाजवलं, पडद्यांवरून बोट फिरवून म्हणाला की असं काम त्याने विलायती दुकानातही पाहिलं नाही. चौथा पडदा तेवढा दोन सूत पुढे सरकवून खोकं मला दे, आणि हे घे, म्हणून त्याने नोटा ओट्यावर ठेवल्या. माझा अडीच महिन्यांचा पगार. मी नको म्हटलं. साठ रुपये होते.

तुझाच,
तोताराम