काळ्या साडीआडचा धूमकेतू

पियुषराव,

"माझ्या आईनं दिलेली काळी साडी नेसून संक्रांतीला फोटो पाठव, लगेच घ्यायला येतो," असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमच्या घरी माळ्यावर पडून असलेली माझी दुर्बीण येताना सोबत आणली होती, ती आज इथं गंगाखेडला माहेरच्या गच्चीवर लावली. भरदिवसा धूमकेतू दिसायलाय, पण सूर्याला खेटून. सूर्य झाकायला तीच साडी चारपदरी करून तारेवर टाकली. ऊन सरकलं की साडी सरकवायची, परत दुर्बीण फिरवायची, जीव नुसता वरखाली. आमची आई खालून ओरडायली, "नव्या साडीचं वाटोळं करायलीस!"

शेवटी मोबाईलमध्ये धरलाच. पांढरी शेपटी, बाजूला साडीचा काळा काठ.

तेव्हापासून तुम्हाला पाठवायला बोट पुढं नेते अन् मागं घेते. फोटोत साडी आहे, पियुषराव. मी नाही.

अजून गच्चीवरच असलेली,
शिवकन्या