धाकटी नावाचा टोमॅटो

८ जानेवारी

ऐक गं म्हातारे. ही वही तुझ्याशिवाय कोणासाठी नाही, आणि नेमकी तूच ती विसरणार आहेस. मागच्या वर्षीची कुठे ठेवलीस? नाही ना सांगता येत? पिठाच्या डब्यात सापडली, तीही अर्धीच. म्हणून यंदा वही सुनेच्या ताब्यात. मी बोलते, ती लिहिते, आणि महिनाअखेरीला मलाच वाचून दाखवते. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही; जोडी बरी जमली. मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, अशी ताकीद दिली आहे. ताकीदसुद्धा लिहून घे म्हटलं.

यंदाचे संकल्प तीन. टोमॅटोचं नवं वाण काढायचं, अंगावर पिवळे-काळे पट्टे असलेलं. सप्टेंबरात ते बियाणे मंडळाच्या रजिस्टरमध्ये चढवायचं. नाव ठरलंय: धाकटी. या घरात आले त्या दिवसापासून सगळे मला धाकटीच म्हणतात, आता टोमॅटोलाही म्हणतील. तिसरा संकल्प, रजिस्टरमध्ये अंगठा नाही, सही करायची. सही उद्यापासून शिकणार.

९ जानेवारी

थंडीनं बोटं वळत नाहीत. सही नाही.

११ जानेवारी, दुपारी

बी पेरलं. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, तीस खाचा.

विसरशील म्हणून सांगून ठेवते. आई म्हणजे पिवळा, चोच असलेला टोमॅटो. बाप काळपट, सायन्सबाईंनी दिलेला. सायन्सबाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. मंडळ त्याच चालवतात आणि आम्हा सगळ्यांना अजून सातवीतले समजतात. चार वर्षं मी गच्चीवर या दोघांची लग्नं लावते आहे. मुलाचा बॅटरीवरचा टूथब्रश काळ्याच्या फुलाला लावायचा, थरथरून पराग चमच्यात पडतो. तो बोटानं पिवळ्याच्या उमललेल्या फुलाला लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. लेबल कशाला? दोरा मला वाचता येतो.

चारही वर्षं पोरं आईच्या वळणावर गेली, पिवळी. बापाचा रंग बुजरा आहे. यंदा येईल.

पिवळा कोणी दिला ते लिहायचं नाही. सून म्हणते, थोरल्या सासूबाईंनी दिला ना? नको म्हटलेलं तेवढं बरोबर लिहिलंस.

२ फेब्रुवारी

लिहिलंच आहेस तर पुरं लिही. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. इथून तीन बसस्टॉपवर राहते. पाच वर्षं बोलणं नाही. घराची वाटणी झाली तेव्हा वकिलाच्या ऑफिसात सगळ्यांनी सह्या केल्या. माझी पाळी आली, तर मी हात पुढे करायच्या आतच थोरली वकिलाला म्हणाली, आमच्या धाकटीला पेन नको, शाई द्या. वकील हसला. माझा नवराही हसला. तो आता नाही, पण हसला होता.

तर तिचाच टोमॅटो घ्यायचा, त्यात आपलं डोकं घालायचं आणि आपल्या नावानं रजिस्टरला चढवायचा. सून म्हणते ही खुन्नस आहे. खुन्नस नाही, संशोधन आहे.

१९ फेब्रुवारी

तिसांतली जोमदार आठ रोपं डब्यांत हलवली. मुलगा रंगाच्या दुकानात आहे, त्यामुळे डब्यांना तोटा नाही. बुडाला भोकं पाडून दिली आणि म्हणाला, आई, ही शेवटची वेळ. चार वर्षं शेवटचीच वेळ चालू आहे. टूथब्रश मात्र कपाटात कुलपात ठेवतो. पन्नाशीचा बाप्या, ब्रशला कुलूप लावतो. किल्ली बुटात असते.

४ मार्च

मंडळाची मीटिंग. गेल्या वर्षीच्या फळांचं बी चाळीस पाकिटांत घालून वाटलं, मंडळात आणि येताना वाणी, पोस्टमन, खालची नर्स यांनाही. प्रत्येकावर सुनेकडून धाकटी असं लिहून घेतलं. ती म्हणाली, वाण अजून झालेलंच नाही, नाव कशाचं लिहू? पोर व्हायच्या आधी नाव ठरतंच की.

सायन्सबाईंनी एक पाकीट घेतलं. म्हणाल्या, थोरल्यांच्या पिवळ्याचं जुनं शेवटचं पाकीट माझ्याकडे उरलंय, ते शेजारी लावते, बघू काय फरक पडतो. बघा म्हटलं. डोळे दिपले तर मला बोल लावू नका.

७ मार्च

सुनेनं सहीतलं पहिलं अक्षर काढून दिलं. बारकाईनं पाहिलं. पानाखालच्या अळीसारखं दिसतं. अळी दिसली की माझा हात चिरडायला जातो, गिरवायला नाही. पुढच्या आठवड्यापासून.

२८ मार्च

झाडं फुलावर आली. सायन्सबाईंनी एक छापील कागद पाठवला, सुनेनं मोठ्यानं वाचला. कळी मिटलेली असतानाच चिमट्यानं उघडायची, आतला नराचा भाग उपटून टाकायचा आणि मग परका पराग लावायचा. उमलेपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

कागद परत दे म्हटलं. मिटलेली कळी चिमट्यानं उघडायची? मला या घरात आणलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. कशाला आणलंय हेही कळत नव्हतं. रात्री आईला हाका मारायचे म्हणून सासरे चिडायचे. माझ्या गच्चीवर तसलं काही होणार नाही. इथे आधी उमलायचं, मग लग्न.

सून लिहायची थांबली. लिही गं, म्हटलं, झाडांना पाणी घालायचं राहिलंय अजून.

१५ एप्रिल

बावीस फुलांना दोरे बांधले होते. बावीसच्या बावीस धरली! सायन्सबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, काकू, माझी दहात तीन धरतात. हात लागतो एकेकाचा. मग विचारलं, कळी असतानाच केलंत ना? हो म्हटलं. खोटं नाही. कधीतरी ती कळी होतीच.

६ मे

पहिली फळं रंगली. पिवळी आहेत. पण एक लक्षात घे, आठ झाडांत लाल एकही नाही. लाल म्हणजे बाजारातला, कोणाच्याही पिशवीत असतो. एक जरी लाल निघाला असता तर झाडासकट उपटला असता. यावरूनच कळतं वाण किती वरच्या प्रतीचं आहे.

१४ मे, सकाळी

आला! बुडाला काळा आला!

देठाकडे पिवळाधमक आणि बुडाला काळं वर्तुळ, रुपयाएवढं. हाताला जरा चामड्यासारखं लागतं. चार वर्षांनी बापानं तोंड दाखवलं. मुलगा म्हणाला, आई, सडलाय हा. जन्म रंगाच्या दुकानात गेला आणि रंग ओळखता येत नाही. सून म्हणाली, मधे चार दिवस पाणी चुकलं, त्यानं झालं असेल. पाणी चुकलं ते माझ्या गुडघ्यांनी, रंग आला तो माझ्या डोक्यानं.

उभे पट्टे नाहीत, हे खरं. आडवा एकच आहे. पण पट्टा आहे.

२ जून

काळ्या बुडाच्या फळांचंच बी धरलं. बरणीत तीन दिवस आंबवलं, धुतलं, बशीत वाळवलं. वासानं सून दोन दिवस स्वयंपाकघरात नाकाला रुमाल बांधून वावरली. साठ पाकिटं झाली. वाणी, पोस्टमन, खालची नर्स यांना पुन्हा एकेक, शिवाय माझा दाताचा डॉक्टर, सगळ्यांना दिली. दाताच्या डॉक्टरानं दात काढताना तोंड उघडं ठेवायला लावलं होतं, म्हणून पाकीट आधीच खिशात घातलं त्याच्या.

९ जुलै

सहीचं पेन हरवलं. सून म्हणते तुमच्या केसांत आहे. होतं. पण तोवर दुपार झाली.

१० ऑगस्ट

मार्चात दिलेल्या बियांना घरोघर फळं लागली. वाणी म्हणाला, आजी, काय गोड आहेत. पिवळे, चोचवाले, अगदी तुमच्या थोरल्या जाऊबाई पूर्वी द्यायच्या तसेच. नर्स तेच म्हणाली. पोस्टमनही तेच म्हणाला. लोकांनी जन्मात दोनच टोमॅटो पाहिलेले, तुलना करणार तरी कशाशी?

सून म्हणाली, थोरल्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता घरी आणलंय. भेटून यायचं का? म्हटलं, रजिस्टरचा दिवस महिन्यावर आलाय. नोंद झाली की मग जाऊ. तेव्हा बोलायलाही काही असेल.

६ सप्टेंबर

सही जमली नाही. पण पेन धरायचं जमलं. उद्या पेन हातात धरीन, बाकी सून हाताला हात लावेल.

७ सप्टेंबर, संध्याकाळी

मंडळाचा हॉल. लांब टेबलावर बशा मांडलेल्या. माझ्या बशीत तीन टोमॅटो, काळी बुडं वर करून ठेवले, दुरूनही दिसावीत.

सायन्सबाईंनी एक उचलला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, काकू, हा रंग नाही, रोग आहे. पाणी कधी घातलं, कधी नाही, असं झालं की बुड काळं पडतं. कोणत्याही टोमॅटोचं.

मग त्यांनी त्यांच्या तीन बशा दाखवल्या. पहिलीत थोरलीचा पिवळा. दुसरीत माझ्या पाकिटातल्या बारा झाडांचा पिवळा. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले. चोच तीच, वजन तेच. तिसरीत लाल. साधा लाल, बाजारातला. म्हणाल्या, पिवळा आणि काळा यांचं लग्न खरंच लागलं, तर पहिली पोरं अशी लाल होतात. हा मी स्वतः करून पाहिला. निराळे रंग पुढे नातवंडांत शोधायचे. तुमच्यात लाल एकही नाही, म्हणजे लग्न एकदाही लागलेलं नाही. टोमॅटोचं फूल उमलता उमलताच स्वतःचं स्वतः उरकून घेतं, काकू. तुम्ही पराग घेऊन पोचलात तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. चारही वर्षं.

बाई वाईट नाहीत. माझं तोंड पाहून त्यांना कसंतरी झालं असावं, कारण त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, इतकं शुद्ध बी मंडळात कोणी राखलेलं नाही. चार वर्षांत एका थेंबाची भेसळ नाही. थोरल्यांकडचं मूळ बी तर केव्हाच संपलं, हे काकूंमुळे शंभर घरांत टिकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाणी सगळ्यात जास्त.

रजिस्टर उघडलं. बाईंनी लिहिलं ते वाचून दाखवलं. वाण: थोरली. जतन करणार: धाकटी.

पेन पुढे केलं. सून पुढे आली. मी म्हटलं नको, अंगठा घ्या. शाईचं पॅड नव्हतं. लेबलं लिहायच्या मार्करनं बाईंनी माझा अंगठा रंगवला.

८ सप्टेंबर

काही नाही.

१० सप्टेंबर

मुलगा गच्चीवरचे डबे धुऊन दुकानात परत नेतो म्हणाला. ने म्हटलं. तो दाराशी थांबून राहिला, मी आणखी काही म्हणेन म्हणून.

१२ सप्टेंबर

सायन्सबाईंचा फोन. नोंद झाल्याचं थोरल्यांना कळवायला हवं, त्या हिंडू-फिरू शकत नाहीत, घरचं माणूस म्हणून तुम्हीच सांगा. हो म्हटलं.

जाणार नाही. तीन बसस्टॉप, आणि माझे गुडघे. आणि जाऊन सांगू काय? तुझं बी तुझ्याकडून संपलं, ते मी चार वर्षं एकेका फुलाला दोरा बांधून सांभाळलं, आणि आता त्याला तुझं नाव लागलं? ती हसेल. नाही हसली तर आणखी वाईट.

दुपारी सुनेकडून फोन लावून घेतला. थोरलीच बोलली. कोण आहे, कोण आहे, असं दोनदा विचारलं. आवाज पार बसलाय तिचा. मी फोन ठेवला. सून म्हणाली, त्यांच्याकडे कामाला येते ती सांगत होती, जेवत नाहीत, ताट तसंच परत जातं.

पुरे आता, मिट ती वही. उद्या तूच जा डबा घेऊन. मऊ भात दे, गाजर उकडून कुस्करून, दोन अंडी नीट शिजवलेली, आणि दही वेगळ्या डबीत, नाहीतर सांडून ठेवशील. मीठ बेतानं. रजिस्टरचं काही बोलू नकोस, मी पाठवलंय म्हणूनही नको. विचारलंच, तर घरी भात उरला होता म्हण. तेवढ्यासाठी तांदूळ वाटीभर जास्त घाल.